हर्बर्ट पाँटिंग : तंबूची उघडी बाजू

१९११ सालच्या अंटार्क्टिक वसंतात रॉस बेटावरील केप इव्हान्स येथे एक छोटासा प्रयोग झाला. चार माणसांनी खांद्यांना पट्टे बांधून स्लेज ओढत आणली, बर्फावर शंकूच्या आकाराचा तंबू उभारला, आत शिरून स्टोव्ह पेटवला, शिजवलेले अन्न वाढून घेतले, ओले मोजे बदलले आणि कातड्याच्या झोपपिशव्यांत अंग सरकवले. हे सर्व दिसावे म्हणून तंबूची एक बाजू उघडी ठेवली होती, आणि त्या बाजूला तिपाईवर चलच्चित्रांचा कॅमेरा उभा होता. त्या चौघांची नावे रॉबर्ट फाल्कन स्कॉट, एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि एडगर इव्हान्स. पुढच्या मार्चअखेरीस चौघांपैकी एकही जिवंत नव्हता. तिघांचे देह तसल्याच एका तंबूत सापडले, पण त्या तंबूची कोणतीही बाजू उघडी नव्हती.

कॅमेऱ्याचा दांडा फिरवणाऱ्या हर्बर्ट जॉर्ज पाँटिंगने त्या दिवशी आपण काय टिपतो आहोत याचा फारसा विचार केला असेल असे वाटत नाही. मोहिमेतील माणसे प्रवासात कशी राहतात हे घरी बसलेल्या प्रेक्षकाला कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. पण पुढची वीसबावीस वर्षे तो या काही मिनिटांच्या चित्राकडे आणि त्याच्या आगेमागे घेतलेल्या फितीकडे पुनःपुन्हा वळत राहिला. त्याच्या आयुष्याचे दोन भाग पाडायचे तर ते या तंबूच्या अलीकडचा आणि पलीकडचा असेच पाडावे लागतात.

पाँटिंगचा जन्म २१ मार्च १८७० रोजी इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे झाला. वडील बँकेत अधिकारी होते आणि मुलानेही तीच वाट धरावी ही त्यांची अपेक्षा स्वाभाविक होती. त्याप्रमाणे त्याने लिव्हरपूल येथे काही वर्षे बँकेत उमेदवारी केली, पण खातेवह्यांत त्याचे मन रमले नाही. वडिलांकडून मिळालेल्या पैशांवर तो कॅलिफोर्नियाला गेला आणि तेथे फळबागा घेतल्या. सोन्याच्या खाणीतही पैसा घातला, आणि तो बुडाला. १८९५ साली त्याने विवाह केला, पुढे मुले झाली. छायाचित्रण हा तोवर त्याचा केवळ छंद होता. त्या छंदाची विद्या झाली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, वयाच्या तिशीत, म्हणजे बऱ्याच उशिरा.

त्या काळी दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या जोडचित्रांना मोठी मागणी होती. दिवाणखान्यात बसून, डोळ्यांना दुर्बिणीसारखे यंत्र लावून, दूरदेशीचे मंदिर किंवा ज्वालामुखी खोलीसकट पाहायचा, हा मध्यमवर्गीय घरांचा आवडता विरंगुळा होता. अशी चित्रे पुरवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठी पाँटिंग पूर्वेकडे निघाला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात तो मांचुरियात जपानी फौजेबरोबर होता. जपान, चीन, ब्रह्मदेश, भारत या देशांत त्याने विपुल चित्रे घेतली. जपानवर त्याचा विशेष लोभ जडला आणि १९१० साली त्या देशावरचे त्याचे सचित्र पुस्तकही निघाले. या भ्रमंतीची किंमत मात्र इतरांनी मोजली. १९०६ च्या सुमारास तो बायकोमुलांना सोडून गेला आणि त्या संसारात पुन्हा परतला नाही. कलावंताला पाश नसावेत अशी त्याची धारणा होती. चरित्रकार हा तपशील सहसा एका वाक्यात आटोपतात. पण पाँटिंगच्या चित्रांत माणूस नेहमी एका विशाल दृश्याच्या कोपऱ्यात, प्रमाण दाखवण्यापुरता उभा असतो, हे ध्यानात घेतले की ते एक वाक्य अपुरे वाटू लागते.

त्याचे नाव स्कॉटपर्यंत पोहोचले ते या चित्रांमुळे. १९०७ ते १९०९ या काळात शॅकल्टनच्या मोहिमेनेही चलच्चित्रांचा कॅमेरा दक्षिणेकडे नेला होता, पण तो इतर कामे सांभाळणाऱ्या सदस्याच्या हाती होता. केवळ चित्रे घेण्यासाठी एक व्यावसायिक माणूस नेण्याची स्कॉटची कल्पना नवी होती, आणि तिच्यामागे व्यवहारही होता. मोहिमेला सरकारी अनुदान असले तरी बराच पैसा वर्गण्यांतून उभा करायचा होता. परतल्यावर चित्रपट आणि व्याख्याने यांतून कर्ज फिटेल असा हिशेब होता. म्हणजे ध्रुवाकडे जाणाऱ्या त्या जहाजावर कॅमेरा चढला तोच मुळी उत्पन्नाचे साधन म्हणून. पाँटिंगने मात्र स्वतःला छायाचित्रकार म्हणवून घेण्याचेही नाकारले; आपण कॅमेऱ्याचे कलावंत आहोत असा त्याचा आग्रह असे. सहकाऱ्यांना या आग्रहाची गंमत वाटे.

स्थिरचित्रांत तो निष्णात होता, चलच्चित्रांत अगदीच नवखा. चाळिसाव्या वर्षी, निघण्यापूर्वीच्या थोड्या अवधीत, त्याने हे नवे यंत्र शिकून घेतले आणि प्रेस्टविच व न्यूमन-सिंक्लेअर बनावटीचे कॅमेरे बरोबर घेतले. 'टेरा नोव्हा' हे जहाज नोव्हेंबर १९१० च्या अखेरीस न्यूझीलंडहून निघाले. लगेचच वादळाने गाठले. पाँटिंगला समुद्र बाधत असे. एका हातात काच धुण्याची बशी आणि दुसऱ्या हातात ओकारीचे भांडे धरून त्याने डेव्हलपिंग चालू ठेवल्याची आठवण मोहिमेत कायम सांगितली जाई.

बर्फाच्या पट्ट्यात शिरल्यावर त्याने जे केले ते आजही मूकपटाच्या इतिहासात मानाने नोंदले जाते. जहाजाच्या कडेवरून त्याने फळ्या बाहेर काढून घट्ट बांधल्या, त्यांच्या टोकाशी कॅमेरा जखडला आणि स्वतः त्या फळ्यांवर पालथा पडून खालची नाळ टिपली. नाळ बर्फावर चढते, क्षणभर अडखळते, मग बर्फाला लांबच लांब भेग जाते आणि काळे पाणी उघडे पडते. पडद्यावर हे पाहताना बर्फ आपणच फोडतो आहोत असे वाटते. प्रवासवर्णनाच्या कोणत्याही शैलीला हा अनुभव देता आला नसता. प्रेक्षक काठावरून पाहत नाही, नाळेच्या पुढे लोंबकळत असतो. कॅमेरा कोठे ठेवायचा हा प्रश्न कथनात निवेदकाला कोठे उभे करायचे या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे, हे पाँटिंगला कोणी शिकवलेले नव्हते.

५ जानेवारी १९११ रोजी, रॉस बेटाशी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बर्फाच्या कडेला किलर व्हेल जातीचे काही प्राणी दिसले. कडेजवळ दोन कुत्री बांधलेली होती. पाँटिंग कॅमेरा घेऊन धावला. तो कडेशी पोहोचतो न पोहोचतो तोच त्याच्या पायांखालचे बर्फ खालून धडका बसून फुटले. अडीच फूट जाडीच्या त्या थराचे तुकडे झाले, आणि त्या तुकड्यांमधून मोठाली डोकी वर येऊन पाहू लागली. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत तो शेवटच्या फटीशी आला. ती त्याच्या आवाक्याबाहेर होती. प्रवाहाने तुकडा पुन्हा मुख्य बर्फाजवळ ढकलला म्हणून तो वाचला, आणि कॅमेराही वाचला. स्कॉट हे सारे हताशपणे पाहत होता. कुत्रीही सुखरूप राहिली. या प्रसंगाचे चित्र मात्र नाही. पाँटिंगच्या अंटार्क्टिक जीवनातील सर्वांत नाट्यमय क्षण कॅमेऱ्याबाहेर घडला, आणि ही गोष्ट पुढच्या हकीगतीशी विचित्रपणे जुळणारी आहे. त्याच दिवशी एका हिमनगाच्या गुहेतून घेतलेले त्याचे चित्र मात्र जगभर पोहोचले. कड्याकपारींची बर्फाळ कमान, त्या कमानीत दोन सहकारी, आणि पलीकडे दूरवर डोलकाठ्यांचे जहाज.

केप इव्हान्सच्या लाकडी घरात त्याला एक चिमुकली डार्करूम मिळाली. रुंदी सहा फूट, लांबी आठ फूट. तेथेच तो झोपे. पाणी हवे तर बर्फ वितळवावे लागे. बाहेर थंडीत राहिलेला कॅमेरा घरात आणला की भिंगांवर आणि यंत्रावर दव साचे आणि पुन्हा बाहेर नेला की ते गोठे, म्हणून कॅमेरे बाहेरच ठेवावे लागत. वंगण घट्ट होई. फिल्म इतकी ठिसूळ बने की भरतानाच तुटे. हातमोजे काढल्याशिवाय ती भरता येत नसे आणि काढले की बोटे बधिर होत. एकदा जीभ चुकून धातूच्या भागाला लागली, ती तेथेच चिकटली आणि सोडवताना कातडी निघाली. कलावंत या बिरुदाची थट्टा करणाऱ्यांनीही या चिकाटीला कधी कमी लेखले नाही.

एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही. या रात्रीत स्कॉटने व्याख्यानमाला सुरू केली. भूगर्भशास्त्र, हवामान, घोड्यांची निगा असे विषय होत, पण सर्वांत गर्दीची व्याख्याने पाँटिंगची असत. जादूच्या कंदिलाच्या स्लाइडवरून तो जपानातील देवळे, चीन, ब्रह्मदेश आणि भारत दाखवी. भारताची चित्रे पडद्यावर आली तेव्हा श्रोत्यांत काही जण त्या देशाला चांगलेच ओळखणारे होते. बॉवर्स हा रॉयल इंडियन मरीनमधून आलेला. त्याने इरावतीवर नौका हाकल्या होत्या. हवामानतज्ज्ञ जॉर्ज सिम्पसन हा सिमल्याच्या भारतीय हवामान खात्यातून आलेला होता. घोड्यांची जबाबदारी असलेला कॅप्टन ओट्स आपल्या पलटणीबरोबर भारतात राहिलेला. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर, शून्याखाली कित्येक अंश थंडीत, साम्राज्याचे हे चाकर उष्ण देशांची चित्रे पाहून मन रमवत होते. साम्राज्याची व्याप्ती आणि तिचा एकाकीपणा एकाच खोलीत मावावा असे हे दृश्य आहे.

येथे त्याच्या पद्धतीविषयी थोडे बोलले पाहिजे. पाँटिंग दृश्य सापडण्याची वाट पाहत नसे. तो ते मांडत असे. हिमकड्याखाली एक माणूस उभा करी, त्याला तेथून हलू देत नसे, ढग योग्य जागी येईपर्यंत थांबे. भूगर्भशास्त्रज्ञ ग्रिफिथ टेलरने त्याच्या नावाचे एक क्रियापदच बनवले. मराठीत ते पाँटणे असे होईल, आणि त्याचा अर्थ, अडचणीच्या जागी थंडीने कुडकुडत चित्रासाठी उभे राहणे. विनोद निर्मळ आहे, पण त्यात एक साक्षही दडलेली आहे. अनुबोधपट ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी, वास्तवाला वास्तवासारखे दिसण्यासाठी उभे राहावे लागते, हे त्या घरातील माणसांना स्वानुभवाने कळले होते.

तंबूचा प्रयोग याच पद्धतीचा. त्याला खोटे म्हणणे सोपे आहे. कॅमेरा, तिपाई, फिल्मच्या पेट्या हे ओझे ध्रुवापर्यंत ओढून नेणे अशक्य होते. जेथे बिस्किटांचेही वजन मोजले जाई तेथे यंत्राला जागा नव्हती. तेव्हा कूच होण्यापूर्वीच कुचाचे चित्र घेणे हाच एक मार्ग उरला. आपल्याकडील कीर्तनकार रामाचा वनवास सांगतो तेव्हा तो वनात गेलेला नसतो, पण श्रोते त्याला खोटारडा म्हणत नाहीत. पाँटिंगचे पात्र मात्र स्वतःच वनवासाला निघालेले होते, हा फरक लहान नाही. शिवाय ध्रुवाकडे अखेरच्या टप्प्यात कोण जाणार हे त्या वेळी ठरलेलेही नव्हते. स्कॉटने पाच जणांची निवड केली ती जानेवारी १९१२ च्या आरंभी, पठारावर. तंबूत बसलेले चौघेही त्या पाचांत निघाले हा केवळ योगायोग होता. पाचवा ओट्स त्या चित्रात नाही. तो इतरत्र, घोड्यांच्या संगतीत दिसतो. त्याच्या मृत्यूची कथा पुढे सर्वाधिक सांगितली गेली, पण तंबूत त्याची जागा रिकामीच राहिली.

१ नोव्हेंबर १९११ रोजी दक्षिणेकडचे मुख्य पथक केप इव्हान्सहून निघाले. पाँटिंगने ते प्रस्थान टिपले आणि थोडी वाट सोबत केली, मग तो मागे वळला. मागे वळणे हे त्याच्या कराराचाच भाग होते. मार्च १९१२ मध्ये तो 'टेरा नोव्हा'वरून परत निघाला. स्कॉट आणि त्याचे साथी तेव्हा परतीच्या वाटेवर होते. एडगर इव्हान्स १७ फेब्रुवारीलाच गेला होता, ओट्स मार्चच्या मध्यावर गेला, उरलेल्या तिघांचा अंत महिनाअखेरीस झाला. जहाजावर यातले काहीच माहीत नव्हते.

जाण्यापूर्वी त्याने स्कॉटसह काही सहकाऱ्यांना छायाचित्रण शिकवले होते. बॉवर्स हा त्यातला एक. १८ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पाच जणांचे जे चित्र घेतले गेले त्यात बॉवर्सने हातातल्या दोरीने कॅमेऱ्याची कळ ओढली. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजीच तेथे पोहोचून गेला होता, हे त्या पाच चेहऱ्यांवर वाचता येते. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तो तंबू सापडला. त्या पथकाबरोबर भारत सरकारने दिलेली, लालखान, बेगम, प्यारी अशा नावांची हिमालयातील खेचरे होती. तंबूत मिळालेल्या फिल्म केप इव्हान्सला आणून भूगर्भशास्त्रज्ञ डेबनहॅमने त्या धुतल्या. जवळजवळ दहा महिने गोठून पडलेल्या फिल्मवर आकृत्या उमटल्या. पाँटिंग तेव्हा हजारो मैलांवर होता, पण चित्रावर त्याचीच शिकवण होती.

इकडे लंडनमध्ये चित्रपटाने स्वतःचा काळ सुरू केला होता. जहाजाबरोबर आधी पाठवलेल्या फितीवरून गोमाँ कंपनीने नोव्हेंबर १९११ मध्ये पहिला भाग दाखवला, दुसरा भाग १९१२ च्या शरदात आला. म्हणजे प्रेक्षक दुसरा भाग पाहत होते तेव्हा पडद्यावर हसणारी ती माणसे सहा महिन्यांपूर्वीच मेलेली होती आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते. बातमी आली ती फेब्रुवारी १९१३ मध्ये. फितीतला एक तुकडाही बदलला नव्हता, पण त्या दिवसापासून ती दुसरीच फीत झाली. पाँटिंगची खरी परीक्षा येथून सुरू झाली.

प्रथम वाद उभा राहिला तो हक्कांचा. चित्रे आणि फीत यांवर आधी मोहिमेचा अधिकार होता. स्कॉटने आपल्याला तोंडी आश्वासने दिली होती असे पाँटिंग म्हणे, पण आश्वासन देणारा बर्फाखाली होता. ही कटुता पुढे कधी पुरती गेली नाही. १९१४ साली त्याने चित्रपटाचे हक्क मोठी रक्कम मोजून विकत घेतले आणि लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये स्वतः रंगमंचावर उभा राहून, पडद्यावरील दृश्यांच्या संगतीने, ती कथा सांगू लागला. मे महिन्यात पंचम जॉर्जसमोर खेळ झाला. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि धंदा बसला, पण चित्रपट फ्रान्समधील सैनिकांना दाखवला गेला. खंदकांत मरण समोर असलेल्या माणसांनी तंबूतल्या त्या चौघांकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पनाच करावी. आता ती दृश्ये कर्तव्य आणि सोशिकपणा यांचा पाठ बनली होती. अमुंडसेनचा शहाणपणा आणि स्कॉटच्या नियोजनातील उणिवा या पाठात बसत नव्हत्या.

त्यानंतर १९२१ मध्ये त्याचे पुस्तक आले. १९२४ मध्ये त्याने सारी फीत नव्याने जुळवून 'द ग्रेट व्हाइट सायलेन्स' हा पूर्ण लांबीचा मूकपट केला. त्यात दृश्यांना निळे, पिवळे, गुलाबी रंग चढवले. पेंग्विनांची घरगृहस्थी त्याने इतक्या कौतुकाने आणि लांबवून दाखवली आहे की आजचा प्रेक्षक थोडा कंटाळतो; विनोदी उपशीर्षके तर कालबाह्यच झाली आहेत. ध्रुवाकडच्या वाटचालीचे चित्र नव्हतेच, म्हणून त्याने नकाशे आणि लहान प्रतिकृती वापरल्या. इवल्याशा आकृत्या पांढऱ्या विस्तारावरून सरकतात, आणि त्यांच्या अलीकडे येतो तो उघड्या बाजूचा तंबू. बोलपटाचा काळ आल्यावर १९३३ मध्ये त्याने '९०° साउथ' या नावाने पुन्हा एकदा तीच कथा, आता स्वतःच्या आवाजात, सांगितली.

संहितेचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. एकच मूळ, आणि १९११, १९१२, १९१४, १९२४, १९३३ असे पाच पाठ. पण येथे पाठभेद शब्दांत नाहीत; अक्षर तेच राहिले, भोवतीचे मरण वाढत गेले. आरंभी तंबूचे दृश्य म्हणजे माहिती, शेवटच्या पाठात ते श्राद्ध. १९३३ च्या पाठात पाँटिंगचा आवाज ऐकू येतो तो पासष्टीकडे झुकलेल्या माणसाचा; पडद्यावरची माणसे मात्र त्यांच्या त्याच वयात अडकलेली. त्याने त्यांना पुढे जाऊ दिले नाही असेही म्हणता येईल, आणि त्यांनी त्याला जाऊ दिले नाही असेही. हे स्मरण निखळ नव्हते, त्यात उपजीविका होती, मानाची भूक होती, स्कॉटच्या नावाभोवतीच्या राष्ट्रीय भक्तीचा उपयोग होता. तरीही केवळ फायद्यासाठी कोणी एवढी वर्षे त्याच फितीपाशी बसत नाही, विशेषतः फायदा होत नसताना.

फायदा झालाच नाही. इतर उद्योगही त्याने करून पाहिले. १९१८ मध्ये तो स्पिट्सबर्गेनला जाऊन आला. लहान प्रक्षेपक, प्रतिमा हवी तशी वाकवून दाखवणारे यंत्र, अशी उपकरणे शोधली. त्यांतून पैसा आला नाही. 'टेरा नोव्हा'ची फीत राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली जावी यासाठी त्याने खटपट केली. ७ फेब्रुवारी १९३५ रोजी लंडनमध्ये तो वारला. त्याच्या मागे कर्ज होते.

काचेच्या निगेटिव्ह पुढे हस्तांतरित होत राहिल्या. २००४ मध्ये केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटने त्यांचा सुमारे १७०० नगांचा संग्रह विकत घेतला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९२४ च्या मूकपटाचे मूळ रंगांसह पुनरुज्जीवन केले आणि २०१० मध्ये तो लंडनच्या चित्रपट महोत्सवात नव्या संगीतासह दाखवला. तंबूच्या दृश्याशी येताच स्कॉट स्टोव्हजवळ वाकतो, बॉवर्स काहीतरी बोलून हसतो, आणि चौघे एकमेकांना खेटून झोपपिशव्यांत शिरू लागतात.